फुकट अँटीव्हायरसचा रतीब कोण घालतं?

१ जानेवारी २०२४ला 'इम्युनेट' हा विंडोजसाठीचा फुकट अँटीव्हायरस बंद झाला. सिस्को या अमेरिकी कंपनीने ते आधीच जाहीर केलं होतं. आपल्याकडे त्याची बातमी व्हायचं काही कारण नव्हतं. क्विक हील, अवास्ट, एव्हीजी ही नावं घरोघरी माहीत. इम्युनेट वापरणारे मोजके. पण ज्यांच्या कॉम्प्युटरवर तो होता, त्यांना एक जुनाच प्रश्न नव्याने पडला: आता फुकटात दुसरं काय टाकायचं? हा प्रश्न विंडोज वापरणाऱ्यांना वारंवार पडत आलाय, आणि दर वेळी समोरचे पर्याय वेगळे होते. ते का बदलत गेले, त्याची ही हकिगत.

एक गोष्ट आधी. बंद पडलेलं बाकीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा चालत राहतं. पेजमेकरला कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलं, तरी आपल्याकडच्या कित्येक डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिका अजून त्यातच जुळते. अँटीव्हायरसचं तसं नाही. तो दुधासारखा रोजचा रतीब आहे. प्रोग्राम म्हणजे नुसतं भांडं. आत रोज येऊन पडते ती नव्या व्हायरसच्या खुणांची यादी, जिला आपण 'डेफिनिशन' म्हणतो. रतीब थांबला तरी भांडं जागेवर असतं, आयकॉन घड्याळाशेजारी बसलेला असतो, स्कॅनही होतो. फक्त त्याला काही नवं ओळखता येत नाही.

इम्युनेटचा तर सगळा डोलाराच सर्व्हरवर होता. फाइल उघडली की तिचा गणिती ठसा काढायचा, तो इंटरनेटवरून सर्व्हरला पाठवायचा आणि 'ही ओळखीची आहे का?' असं विचारायचं. एका घरी सापडलेला व्हायरस त्यामुळे बाकी सगळ्यांना लगेच कळे. २००९ साली इम्युनेट निघाला तेव्हा ही कल्पना नवी होती, आणि चांगलीही होती. दुसऱ्या अँटीव्हायरसच्या जोडीला ठेवता येतो, असंही कंपनी सांगायची. पण विचारायचं कोणाला, तर कंपनीच्या सर्व्हरला. तोच उत्तर देईना, तर आपल्या हातात उरतं काय?

२०११च्या सुरुवातीला सोर्सफायर या कंपनीने इम्युनेट विकत घेतला, आणि २०१३मध्ये सिस्कोने सोर्सफायरच घेतली. मधल्या काळात तेच तंत्र 'फायरएएमपी' या नावाने मोठ्या कंपन्यांना विकायला सुरुवात झाली होती. पुढे ते सिस्कोच्या पैसे घेऊन विकायच्या मालात गेलं. फुकटचा इम्युनेट हा त्या विकाऊ मालाचा धाकटा भाऊ. सिस्कोचं गिऱ्हाईक म्हणजे बँका, टेलिफोन कंपन्या, सरकारी खाती. घरगुती पीसीसाठी सर्व्हर चालवत राहण्यात त्यांना काय मिळत होतं? माझ्या मते त्यांनी तो इतकी वर्षं चालवला, हेच जास्त.

सोर्सफायरच्या घरात एक थोरला भाऊही होता, क्लॅमएव्ही. तोमाश कोयम या पोलिश तरुणाने उभा केलेला हा प्रकल्प २००२ साली लोकांसमोर आला. सोर्स कोड खुला, परवाना जीपीएल (कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा), आणि मुख्य काम मेल सर्व्हरवर बसून येणारी टपाल चाळण्याचं. २००७ साली सोर्सफायरने तोही घेतला. इम्युनेटमध्ये क्लॅमएव्हीचं इंजिन जोडलेलं होतं. इम्युनेट गेला, क्लॅमएव्ही आजही चालू आहे. कारण जगभरचे मेल सर्व्हर त्याच्यावर टेकलेत आणि त्याचा कोड कुणालाही उचलून पुढे नेता येतो.

पण खुला कोड म्हणजे अमरपट्टा असं समजू नका. १५ एप्रिल २०१० या दिवशी काय झालं ते बघा. क्लॅमएव्हीच्या ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एक खोट होती: ठरावीक लांबीपेक्षा मोठी खूण यादीत आली की रोजची थोडी-थोडी भर नीट घेता येत नसे. या जुन्या आवृत्त्यांमुळे नव्यांसाठीही लांब खुणा टाकता येईनात. सहा महिने आधी सूचना दिली होती. मग त्या दिवशी चालकांनी यादीतूनच एक खास खूण पाठवली, जिच्यामुळे जुन्या आवृत्त्या बंद पडतील. त्या पडल्याही, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्याबरोबर मेलही अडकली. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा संताप झाला: आमच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर तुम्ही परस्पर बंद करणारे कोण? चालकांचं म्हणणं असं की वर्षभर जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवून तुम्ही स्वतःलाच फसवत होता. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. मला मात्र त्यातल्या त्यात हा रस्ता प्रामाणिक वाटतो. रतीब थांबलाय हे निदान कळलं तरी. नाहीतर बहुतेक अँटीव्हायरस मरतात ते आवाज न करता.

रतीब हा प्रकार सुरुवातीला नव्हताच. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून जगभर फिरला, तेव्हा व्हायरस बोटांवर मोजण्याइतके होते. १९९०च्या जूनमध्ये भारतात 'जोशी' सापडला. नाव वाचून पुणेकरांच्या भुवया उंचावणं साहजिक आहे. ५ जानेवारीला कॉम्प्युटर चालू केला की तो पडद्यावर मागणी करायचा: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की मशीन पुन्हा कामाला लागे! त्या काळी महिन्या-दोन महिन्यांनी एक नवी फ्लॉपी आली तरी भागायचं. जॉन मॅकॅफी आपला स्कॅनर मोडेमवरच्या बुलेटिन बोर्डांवर ठेवायचे. आइसलँडमधला एफ-प्रॉट डॉसवर घरगुती वापरासाठी फुकट असे. प्रागमध्ये पावेल बाउडिश यांच्या हाती 'व्हिएन्ना' व्हायरस लागला, त्यावर त्यांनी उतारा लिहिला आणि १९८८मध्ये एदुआर्द कुचेरा यांच्याबरोबर सहकारी संस्था काढली. तिचाच पुढे अवास्ट झाला. पुण्यात कैलास काटकरांच्या कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दर दुसरं मशीन व्हायरसचं येई, म्हणून धाकट्या भावाने, संजय यांनी ते साफ करायचे प्रोग्राम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं. ते मात्र विकतचं.

इंटरनेट घरात आल्यावर महिन्याची फ्लॉपी पुरेना. रोज यादी, त्यामागे रोज बसणारी माणसं, रोजचा सर्व्हरचा खर्च. नेमक्या याच सुमारास, २००१ साली, अवास्टने घरगुती आवृत्ती फुकट केली. शेजारच्या ब्रनो शहरातल्या एव्हीजीचा आणि जर्मनीतल्या अँटीव्हिरचाही मार्ग तोच. वरवर उलटं वाटतं, पण हिशोब पक्का होता. घरी फुकट वापरणारा माणूस ऑफिसात तेच नाव सुचवतो. शिवाय लाखो घरांतले कॉम्प्युटर म्हणजे लाखो डोळे. नवा व्हायरस कुठेही निघाला तरी त्याचा नमुना कंपनीकडे पोचतो. जाहिरातीचा खर्च शून्य.

आपल्याकडे याचा सुवर्णकाळ म्हणजे पेन ड्राइव्हची वर्षं. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की 'ऑटोरन' (लावताच आपोआप चालणारी) फाइल घरी येणारच. फोल्डरचा आयकॉन लावलेली 'न्यू फोल्डर' नावाची ईएक्सई फाइल, त्यावर डबल क्लिक, आणि टास्क मॅनेजर गायब. सायबर कॅफेत एकामागून एक मशीनमधून अवास्टच्या त्या बाईंचा आवाज यायचा: 'व्हायरस डेटाबेस हॅज बीन अपडेटेड.' दहा मशीन, दहा वेळा. फुकटची आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी आहे, ही अट त्या दहांपैकी एकाही ठिकाणी कुणी वाचली नव्हती. २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीवरचं पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटने बंद केलं, तोवर एक पिढी यातच शिकली.

या खेळाचा नूर पालटला तो मायक्रोसॉफ्टमुळे. २००३मध्ये त्यांनी गेकॅड या रोमानियन कंपनीचं अँटीव्हायरस तंत्र घेतलं, २००६मध्ये 'वनकेअर' विकायला काढलं, ते चाललं नाही, आणि २९ सप्टेंबर २००९ला 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट दिलं. पुढच्या वर्षी दहा मशीनपर्यंतच्या छोट्या ऑफिसांनाही परवानगी मिळाली. अट एकच: विंडोज अस्सल हवी. आपल्याकडची किती मशीन त्या अटीत बसत होती, ते सोडा. २०१२च्या विंडोज ८पासून हाच अँटीव्हायरस 'डिफेंडर' नावाने विंडोजमध्येच आला. रतीब आता घराच्या भाड्यातच धरलेला.

मग बाहेरच्यांनी पैसे कुठून काढायचे? २०१६मध्ये अवास्टने एव्हीजी १.३ अब्ज डॉलरला घेतला. नॉर्टनवाल्यांनी २०२१च्या सुरुवातीला अविरा (पूर्वीचा अँटीव्हिर) आपल्याकडे ओढला आणि २०२२मध्ये अवास्टही. म्हणजे अवास्ट, एव्हीजी, अविरा अशी तीन नावं समोर ठेवून आज कुणी तासभर तुलना करत बसला, तर तो एकाच 'जेन डिजिटल' कंपनीच्या तीन दारांपुढे उभा आहे. त्याआधी, २०२०च्या जानेवारीत, अवास्टची जम्पशॉट ही उपकंपनी वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकत असल्याचं पत्रकारांनी बाहेर काढलं. महिना संपायच्या आत जम्पशॉट बंद झाली. २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटच्या दुधाचे पैसे कोण देत होतं, ते असं कळलं.

सगळेच निरोप एकसारखे नसतात. बिटडिफेंडरने जुनी फुकट आवृत्ती २०२१च्या अखेरीला बंद केली आणि काही महिन्यांत नवी काढली. रशियातल्या कॅस्परस्कीचा निरोप मात्र चमत्कारिक. अमेरिकी सरकारने २०२४च्या जूनमध्ये बंदी जाहीर केली, २९ सप्टेंबरनंतर तिथे अपडेट देता येणार नव्हती. त्या महिन्यात अनेक अमेरिकी ग्राहकांनी मशीन चालू केलं तर कॅस्परस्की गेलेला आणि 'अल्ट्राएव्ही' नावाचं कधी न ऐकलेलं काहीतरी आपसूक बसलेलं. कंपनीने ईमेल पाठवली होती म्हणे. आपला दूधवाला गाव सोडताना न विचारता दुसऱ्याला घराची किल्ली देऊन गेला, तर कसं वाटेल?

या सगळ्यातून इम्युनेटवाल्यापुढे जे पर्याय उरले ते असे. विंडोज १० किंवा ११ असेल तर बंद पडलेला अँटीव्हायरस नीट अनइन्स्टॉल केला की डिफेंडर आपणहून जागा होतो. दुसरा टाकलेला असताना तो मागे सरतो, म्हणून आधी जुना काढणं महत्त्वाचं. विंडोज १०मध्ये एक मेख आहे. तिचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण डिफेंडरची यादी २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. म्हणजे डेफिनिशन ताजी दिसणार, खालची विंडोज मात्र, मुदतवाढ घेतली नसेल तर, बिनदुरुस्तीची. एक्सपीच्या वेळी अगदी हेच झालं होतं: आधार संपला ८ एप्रिल २०१४ला, डेफिनिशन आली १४ जुलै २०१५पर्यंत. खुल्या कोडचाच हट्ट असेल तर क्लॅमएव्हीवर बेतलेला क्लॅमविन आहे, पण तो फाइल उघडताना आपोआप तपासत नाही. आपण सांगू तेव्हाच स्कॅन करतो. राखणीसाठी तो पुरा पडत नाही. आपल्या सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७पासून बॉट (मशीन दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्राम) काढायची साधनं फुकट देतं, तीही झाडू मारण्याच्या कामाची.

आणि काहीही टाकलं तरी दोन गोष्टी बघायच्या: डेफिनिशनची तारीख, आणि आयकार. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ अँटीव्हायरस जागा आहे का हे तपासण्यासाठीच बनवलेली आहे. नोटपॅडमध्ये ती चिकटवून सेव्ह केली की त्याने ओरडायला हवं.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो होतो. जुन्या मराठी फाँटचं डोंगल (मशीनला लावायची किल्लीवजा डबी) नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून एक एक्सपी मशीन त्याने अजून जपलंय. कोपऱ्यात एका फुकट अँटीव्हायरसचा हिरवा आयकॉन होता. त्यावर माउस नेला तर शेवटच्या अपडेटची तारीख आठ वर्षांपूर्वीची. मी आयकारची ओळ सेव्ह केली. तो ओरडला. डीटीपीवाला खूश झाला, म्हणाला, "बघा, चालतोय की!" आयकारची ओळ पार नव्वदच्या दशकातली आहे, ती त्याच्या यादीत असणारच, हे सांगितल्यावर त्याने थोडा विचार केला, मशीनच्या मागे हात घालून इंटरनेटची वायर उपटली आणि तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. आता गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी मुलाच्या विंडोज ११ लॅपटॉपवर लागतो, मग एक्सपीवर. हिरवा आयकॉन अजून आहे. तो काढायला गेलं की पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही.