उन्हाळ्यातली घोंगडी

जुलै २०१७. इराकमधल्या मोसुल शहरात ‘इसिस’ या दहशतवादी संघटनेविरुद्धची लढाई शेवटच्या गल्ल्यांत येऊन ठेपली होती आणि पारा चाळिशीच्या वर होता. अशा उन्हातही, खूप रक्त गेलेला माणूस गार पडत जातो. त्याच्या अंगावर घोंगडी टाकणं ही नुसती माया नसते, तो उपचार असतो.

शरीर ऊब तयार करतं ते पेशींत ऑक्सिजन वापरून, आणि तो ऑक्सिजन पोचवतं रक्त. मोठ्या माणसात ते जेमतेम पाच लिटर. त्यातलं दीड-दोन लिटर वाहून गेलं की पेशी उपाशी राहतात, ऊब घटते, लॅक्टिक आम्ल साचू लागतं. रक्त गोठवणारी प्रथिनं ३७ अंशांना सरावलेली. अंग ३४ अंशांपर्यंत उतरलं की ती मंदावतात, आम्लात आणखीच. म्हणजे रक्त गेलं म्हणून अंग गार, अंग गार म्हणून रक्त गोठेना, आणि गोठेना म्हणून आणखी गेलं. पूर्वी अशा जखमीला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवत. त्याने रक्तदाब वर आलेला दिसतो, पण उरलंसुरलं रक्त पातळ होतं. बाटली थंड असेल तर गारठ्यात भरच.

तेव्हा आधी जखम दाबून धरायची, हातापायाला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळायचा, माणसाला झाकायचं. मग ट्रानेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते शोधलं. पाळीत फार रक्त जात असेल तर आपल्याकडेही डॉक्टर याच्याच गोळ्या देतात. तेच औषध बॉम्बच्या जखमेवर चालतं याचं मला अजून नवल वाटतं. ते गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीत, ४० देशांतल्या २०,२११ जखमींमध्ये, मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. मात्र ते जखमेनंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो.

आता नकाशा पाहा. मोठ्या शस्त्रक्रियेची सोय मोसुलहून साधारण ८० किलोमीटरवर, एर्बिलला. वाटेत तपासणी नाकी. तीन तास रस्त्यातच संपायचे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने इतरांच्या मदतीने आघाडीजवळच छोटी उपचार ठाणी उभी केली, आणि जानेवारी २०१७ मध्ये मोसुलजवळच्या बार्तेला इथे फील्ड हॉस्पिटल सुरू झालं. कल्पना जुनीच. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३६ च्या अखेरीस, स्पेनच्या यादवी युद्धात, माद्रिदमध्ये बाटलीबंद रक्त गाडीतून जखमींपर्यंत नेत होते. पुढे चीनमध्ये त्यांच्या नावाचं रुग्णालय सांभाळलं ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी.

मोसुलची पथकं मात्र इराकी सैन्याच्या सोबतीने पुढे सरकली, आणि मग वैद्यकीय तटस्थतेचं, म्हणजे कुठल्याही बाजूचं न होता उपचार करण्याच्या तत्त्वाचं काय, असा वाद झाला. आक्षेप मला पटतो. पण सैन्याशिवाय तिथवर पोचायला दुसरी वाटही नव्हती.

सैनिकासोबत निदान प्रशिक्षित साथीदार असतो. नागरिकाला उचलतो शेजारी, नेतो कुणाच्या तरी गाडीतून. तीन-चार हात बदलल्यावर सर्जन भेटतो. टूर्निके दोन तासांहून जास्त राहिला तर स्नायू आणि मज्जातंतू निकामी होऊ लागतात. म्हणून तो बांधल्याची वेळ लिहून ठेवतात. कागद नसेल तर पेनने, जखमीच्या कपाळावर.