पक्ष सांभाळण्यासाठी देशाला विचारलेला प्रश्न: ब्रेग्झिटची पार्श्वभूमी

५ जून १९७५ रोजी ब्रिटनमधल्या सुमारे १ कोटी ७३ लाख ७८ हजार मतदारांनी युरोपसोबत राहण्याच्या बाजूने कौल दिला. २३ जून २०१६ रोजी सुमारे १ कोटी ७४ लाख १० हजार मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने दिला. दोन आकड्यांत फरक जेमतेम ३२ हजारांचा. पहिल्या वेळी तेवढ्या मतांनी ६७.२ टक्क्यांचा दणदणीत विजय मिळाला, दुसऱ्या वेळी ५१.९ टक्के भरले आणि देश दुभंगला. दोन्ही सार्वमतं घेणारे पंतप्रधान, मजूर पक्षाचे हॅरल्ड विल्सन आणि हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन, स्वतः राहण्याच्या बाजूचे होते. दोघांच्याही पक्षात या प्रश्नावरून उभी फूट होती आणि ती सांधण्यासाठी दोघांनीही लोकांकडे धाव घेतली. ब्रेग्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडण्याचं, मूळ मला तरी इथेच दिसतं. प्रश्न साऱ्या राष्ट्राच्या भवितव्याचा होता, पण तो मांडला गेला पक्षाच्या सोयीने.

सुरुवातीला ब्रिटनने युरोपकडे पाठच फिरवली होती. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एका सामायिक यंत्रणेकडे सोपवला. ॲटली यांच्या मजूर सरकारने नुकतंच कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. त्या खाणींवर परक्यांचा अधिकार चालू द्यायला ते तयार नव्हतं. १९५७ मध्ये त्याच सहा देशांनी सामायिक बाजारपेठेसाठी रोम करार केला, तेव्हाही ब्रिटन बाहेरच राहिला. राष्ट्रकुल आपलं, अमेरिका आपली, मग युरोपची गरज काय, असा तो हिशेब होता. इजिप्तच्या सुएझ कालव्यावरून झालेल्या नामुष्कीनंतर आणि सहा देशांची भरभराट पाहिल्यावर तो चुकत असल्याचं लक्षात आलं. १९६१ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी सदस्यत्वासाठी अर्ज केला. १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तो उधळून लावला. १९६७ मध्ये विल्सन यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा द गॉल आडवे आले. त्यांनी पद सोडल्यावरच वाट मोकळी झाली.

मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांनी १९६२ च्या पक्ष अधिवेशनातच सावध केलं होतं: उद्या युरोपचं संघराज्य झालं आणि आपण त्यात असलो, तर ब्रिटनचा हजार वर्षांचा इतिहास संपेल. सार्वभौमत्वाचा मुद्दा २०१६ मध्ये अचानक उगवला असं मानणाऱ्यांनी हे भाषण मुद्दाम आठवावं. प्रश्न पहिल्या दिवसापासून टेबलावर होता. त्यावर मोकळेपणाने बोलणं मात्र पुढचे बहुतेक नेते टाळत राहिले.

हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनला आत नेलं, पण स्वपक्षाच्या बळावर नाही. २८ ऑक्टोबर १९७१ च्या निर्णायक मतदानात त्यांचे ३९ खासदार फुटले. रॉय जेंकिन्स यांच्यामागे मजूर पक्षाच्या ६९ खासदारांनी पक्षादेश झुगारला, म्हणून ठराव ३५६ विरुद्ध २४४ मतांनी तरला. कायद्याच्या दुसऱ्या वाचनात बहुमत अवघं आठ मतांचं होतं.

प्रवेशाच्या वाटाघाटींतला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, तो मासेमारीचा. ३० जून १९७० रोजी ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी बोलणी सुरू झाली. त्याच दिवशी सहा सदस्य देशांनी आपसात ठरवून टाकलं की सदस्यांच्या सागरी पाण्यात सर्व सदस्यांना समान हक्काने मासेमारी करता येईल. नव्याने येणाऱ्या चारही देशांकडे समृद्ध मत्स्यक्षेत्रं होती. ते दाराशी उभे असताना घरातला नियम बदलण्यात आला. नॉर्वेच्या जनतेने १९७२ च्या सार्वमतात सदस्यत्व नाकारलं, त्यात मासेमारांचा वाटा मोठा होता. ब्रिटनने काही वर्षांची सवलत मिळवून सही केली. पुढे १९७६ मध्ये आइसलँडने आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा पट्टा राखून घेतला आणि त्या पाण्यात कॉड मासे पकडणारे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल, ग्रिम्स्बीचे ट्रॉलर बंदरात सडू लागले. त्या विनाशात ब्रुसेल्सचा, म्हणजे तिथून चालणाऱ्या युरोपीय यंत्रणेचा, हात नव्हता. पण आइसलँडने घालवलं ते घरच्या पाण्यात भरून काढायचं, तर तिथे किती मासे पकडायचे हे ठरवणारा युरोपचा कोटा आडवा. त्यामुळे सगळा राग एकाच पत्त्यावर जमा होत गेला. २०१६ मध्ये ग्रिम्स्बीच्या परिसरात बाहेर पडण्याच्या बाजूने ६९.९ टक्के मतं पडली. त्याआधी आठवडाभर बाहेर पडण्याचे कट्टर पुरस्कर्ते निगेल फराज मासेमारी बोटींचा ताफा घेऊन टेम्स नदीतून थेट संसदेसमोर आले होते. मासेमारीचा वाटा ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत अगदीच किरकोळ आहे, म्हणून लंडनमधल्या पंडितांनी या ताफ्याची टर उडवली. ती उडवायला नको होती. बंदरावरच्या माणसाला आपला धंदा बुडाल्याचं दुःख राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मोजता येत नाही.

आता १९७५ कडे. सार्वमताची कल्पना मजूर पक्षाच्या डाव्या गटातल्या टोनी बेन यांची. पक्षाने ती उचलली तेव्हा जेंकिन्स यांनी उपनेतेपद सोडलं. सत्तेत आल्यावर विल्सन यांनी अटींची फेरबोलणी केली. न्यूझीलंडचं लोणी, राष्ट्रकुलातली साखर, अंदाजपत्रकातला वाटा, असे त्यातले विषय. मंत्रिमंडळाने नव्या अटी १६ विरुद्ध ७ मतांनी मान्य केल्या आणि विल्सन यांनी सामुदायिक जबाबदारीचा, म्हणजे मंत्र्यांनी सरकारच्या निर्णयाविरुद्ध उघड बोलू नये हा, संकेत बाजूला ठेवून त्या सातांना उघड विरोधात बोलण्याची मुभा दिली. खुद्द त्यांच्या पक्षाची खास परिषद दोनास एक मतांनी बाहेर पडण्याच्या बाजूने गेली. दुसरीकडे हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर नऊ सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून राहण्याचा प्रचार करत होत्या. बाहेर पडा म्हणणाऱ्यांत बेन, मायकेल फूट आणि उजवीकडून इनॉक पॉवेल अशी एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी माणसं होती. राहण्याच्या गटाने त्यांच्या दहापटीहून जास्त खर्च केला. घरोघरी तीन पत्रकं गेली, त्यांतली दोन राहण्याच्या बाजूची, कारण दोन्ही गटांच्या जोडीला सरकारचं स्वतःचं एक होतंच.

त्या सरकारी पत्रकात एक वाक्य असं होतं की आर्थिक आणि चलनविषयक एकीकरणामुळे पौंडावर स्थिर विनिमय दर लादला जाण्याचा आणि रोजगार जाण्याचा धोका आता दूर झाला आहे. सरकारने शिक्कामोर्तब करून मतदारांना दिलेला हा शब्द होता. तो पुढे कसा मोडला ते येतंच.

यानंतर पक्षांनी जागा बदलल्या. १९८३ मध्ये मजूर पक्षाचा जाहीरनामा थेट बाहेर पडण्याचं वचन देत होता, तेही सार्वमत न घेता. पक्ष दाणकन आपटला. सलग पराभवांनी थकलेल्या कामगार संघटनांसमोर ८ सप्टेंबर १९८८ रोजी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जॅक देलोर बोलले. पंतप्रधान थॅचर घरात जे हक्क काढून घेत आहेत ते युरोप देऊ शकेल, हा त्याचा आशय प्रतिनिधींनी बरोबर टिपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाराच दिवसांनी बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये थॅचर यांनी उत्तर दिलं: ब्रिटनमध्ये शासनसंस्थेचा पसारा आम्ही आवरला, तो ब्रुसेल्सहून पुन्हा लादून घेण्यासाठी नव्हे. युरोप म्हणजे भांडवलदारांचा क्लब असं म्हणणारी डावी मंडळी तिथून युरोपकडे वळत गेली. बाजारपेठ म्हणून युरोपचं स्वागत करणारी उजवी मंडळी त्याच्यापासून दुरावत गेली. सदस्य देशांमधले व्यापाराचे अडसर काढणाऱ्या एकल बाजारपेठेचा १९८६ चा करार ज्यांनी पुढे रेटला त्याच थॅचर आता ब्रूज भाषणामुळे युरोपविरोधकांच्या दैवत झाल्या, हे विसरता कामा नये.

ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिटन युरोपीय विनिमय दर यंत्रणेत शिरला आणि पौंड जर्मन मार्कशी बांधला गेला. १६ सप्टेंबर १९९२ रोजी सट्टेबाजांनी पौंडावर हल्ला चढवला. सकाळी व्याजदर १० वरून १२ टक्के, दुपारी १५ टक्क्यांची घोषणा, संध्याकाळी यंत्रणेतून माघार. गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या घरांनी तो दिवस रेडिओला कान लावून काढला. १९७५ च्या पत्रकाने दूर झाल्याचं सांगितलेला धोका तो हाच. योगायोगाने त्याच सुमारास युरोपीय महासंघ आणि सामायिक चलन घडवणारा मास्ट्रिक्ट करार संसदेपुढे होता. पंतप्रधान जॉन मेजर यांनी सामायिक चलनातून सूट मिळवली होती, तरी त्यांच्याच बंडखोरांनी त्यांना महिनोन्‌महिने छळलं. १९९३ मध्ये युरोपमधून बाहेर पडू पाहणारी युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी, म्हणजे फराज यांची युकिप, स्थापन झाली. फराज यांना पहिली खुर्ची मिळाली ती १९९९ साली युरोपीय संसदेत, कारण तिथल्या निवडणुकीत तेव्हा प्रथमच प्रमाणशीर पद्धत आली होती.

२००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश महासंघात आले. जुन्या सदस्यांपैकी फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी तिथल्या कामगारांना लगेच दार उघडलं. सरकारसाठी झालेल्या अभ्यासाचा अंदाज वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा होता. इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ साली ५८ हजारांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती ५ लाख ७९ हजार भरली. आलेली माणसं कष्टाळू होती, लिंकनशरमधल्या बॉस्टनची भाजीपाल्याची शेतं त्यांच्यावर चालली. पण दवाखाने, शाळा आणि घरं त्या प्रमाणात वाढवण्याची जबाबदारी सरकारने पाळली नाही. त्याच बॉस्टनमध्ये २०१६ मध्ये देशातलं सर्वाधिक, ७५.६ टक्के मतदान बाहेर पडण्यासाठी झालं.

कॅमेरॉन यांच्यावर दडपण आलं ते दोन बाजूंनी. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांच्या ८१ खासदारांनी सार्वमताच्या मागणीसाठी बंड केलं आणि बाहेर युकिप मतं खात होती. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सार्वमताचं वचन दिलं. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत युकिप पहिल्या क्रमांकावर आली. २०१५ मध्ये हुजूर पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालं आणि वचन पाळणं भाग पडलं.

या सार्वमताच्या कायद्यात किमान मतांची अट नव्हती. ब्रिटनला अशी अट माहीत नव्हती असं नाही. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी झालेल्या सार्वमतात ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला, पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट होती आणि होकार ३२.९ टक्केच भरला, म्हणून विधिमंडळ बारगळलं. २०१६ मध्ये बाहेर पडण्याची मतं एकूण मतदारांच्या सुमारे ३७ टक्के होती. स्कॉटलंडला एक माप आणि पूर्ण राज्याला दुसरं, हे न्यायाचं नव्हतं. मताचा हक्क कोणाला, हेही पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं, म्हणजे पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी तिथे गेलेला भारतीय पारपत्रधारक मतदार होता. पंधरा वर्षं कर भरणाऱ्या जर्मन किंवा पोलिश शेजाऱ्याला मात्र मत नव्हतं.

मोठा दोष याहून वेगळा. १९७५ मध्ये राहणं म्हणजे काय ते छापून लोकांपुढे होतं. २०१६ मध्ये बाहेर पडून कुठे जायचं, एकल बाजारपेठेत राहायचं की नाही, याचं उत्तर मतपत्रिकेत नव्हतं आणि सरकारने तयारही ठेवलं नव्हतं. आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात असं बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर रंगवलं गेलं. ब्रिटनला परत मिळणारी सूट त्यात वजा केलेली नव्हती. सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरवला, तरी बस फिरत राहिली. १६ जूनला राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांचा खून झाला. मतदान आठवड्यावर आलेलं होतं.

उत्तर आयर्लंडची सीमा हा विषय तर प्रचारात कडेलाच पडला होता. १९९८ च्या शांतता करारानंतर जिथल्या चौक्या नाहीशा झाल्या होत्या, ती रेषा आता युरोपीय महासंघाची सरहद्द होणार होती. माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर ९ जून २०१६ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन एकत्र बोलले. इंग्लंडमध्ये त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही.

स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याला मत दिलं. १९७५ मध्ये बाहेर पडण्याचा प्रचार करणारा स्कॉटिश नॅशनल पार्टी हा पक्ष आता युरोपचा कट्टर समर्थक होता. चारही घटक देशांची संमती असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही त्याची सूचना संसदेने २०१५ मध्येच फेटाळली होती. २०१४ च्या स्कॉटिश स्वातंत्र्याच्या सार्वमतात स्वतंत्र झालात तर युरोप गमवाल, असं लोकांना बजावलं गेलं होतं आणि ५५.३ टक्क्यांनी ते ब्रिटनमध्ये राहिले होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनबरोबर स्कॉटलंडही युरोपातून बाहेर पडला. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या सार्वमताची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, संमतीवाचून स्कॉटिश संसदेला तसा कायदा करता येणार नाही.