नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना

धुळे-जळगावच्या डीटीपी दुकानांत लग्नपत्रिकांचे साचे अजून जुन्या कॉम्प्युटरवरच अडकलेले असतात. फाइल नव्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवले होते. तो डबा कायमचा बसण्याआधी विंडोज ७, जुने सॉफ्टवेअर आणि फॉन्ट असा सगळा संसार व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, हलवावा. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. आतल्या विंडोजला परवाना मात्र वेगळा लागतो.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' दिसले तर बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एसव्हीएम चालू करा.

खरी चूक होते ती रॅम वाटताना. व्हर्च्युअल मशीन हा पोटभाडेकरू. त्याला दिलेली खोली मालकाला वापरता येत नाही. ८ जीबीच्या मशीनवर ३२-बिट विंडोज ७ला २ जीबी भरपूर झाले. ५-६ दिले तर बाहेरचे विंडोज रॅमअभावी डिस्कवर लिहू लागते आणि दोन्ही रखडतात. प्रोसेसरचे कोअरही निम्म्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. आणि डिस्क एसएसडीच हवी, यात तडजोड नको.

विंडोज ७चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, तेव्हा सेटिंगमधले नेटवर्क अॅडॅप्टर बंद ठेवा. फाइलींची ने-आण आतल्या विंडोजमध्ये गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सची जोड-सॉफ्टवेअर) टाकून शेअर्ड फोल्डरमधून होते. पत्रिका आतच पीडीएफ करून, फॉन्ट एम्बेड करून बाहेर काढली की छापखान्यात अक्षरे फिरत नाहीत.

सगळे बसले की एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या. त्यानंतर मूळ डिस्क-फाइल गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलीत साठतात. म्हणून जागा कमी पडली की फोल्डरमधून हाताने फाइल उडवणाऱ्याची साखळी तुटते, मशीन उघडतच नाही. स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतूनच काढावा. तेव्हा बदलांच्या फाइली एकत्र होतात, त्यासाठी तात्पुरती मोकळी जागाही लागते. शिवाय स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. 'एक्सपोर्ट अप्लायन्स' करून ओव्हीए फाइल (अख्खे मशीन एका फाइलीत) बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

लाईट गेली तर आतल्या विंडोजची अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' मोडचे बटण असेल तर ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये विजेवरून बॅटरीवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. व्हर्च्युअल मशीनची खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडले की रॅममधले सगळे डिस्कवर उतरते आणि उद्या काम तिथूनच सुरू होते.

लग्नसराईचा मे महिना म्हणजे भुसावळात पारा ४५च्या आसपास. लॅपटॉपचा प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि माणसे व्हर्च्युअल मशीनला शिव्या घालतात. पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केली की बऱ्याच मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो. वेग थोडा घटतो, पण स्थिर राहतो.

विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबून दुसरा डेस्कटॉप उघडा आणि तिथे व्हर्च्युअल मशीन पूर्ण पडद्यावर ठेवा. विंडोज-कंट्रोल-बाण दाबून दोहोंत ये-जा होते. बटणे आतच अडकली तर आधी उजवे कंट्रोल (व्हर्च्युअलबॉक्सची 'होस्ट की') दाबून सोडा. तुमच्या लॅपटॉपला उजवे कंट्रोलच नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमधल्या इनपुटमध्ये जाऊन होस्ट की बदलून घ्या.