खाज अंगाला, कारण कुठे?

खाजवलं की बरं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. नखांनी ओरबाडल्यावर होणारी किंचित वेदना मज्जारज्जूत खाजेचा संदेश काही क्षण दाबून टाकते. पण त्याच ओरबाडण्याने त्वचेला इजा होते, दाह वाढतो आणि खाज दुप्पट जोमाने परतते. महिनोन्‌महिने हे चाललं की तिथली कातडी जाड, काळपट, चरबट होते. मग मूळ कारण गेलं तरी खाज मुक्काम हलवत नाही.

6 आठवड्यांहून जास्त टिकली तर ती जुनाट खाज. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं: कोरडी त्वचा. वयानुसार त्वचेतलं तेल घटतं, त्यात कढत पाणी आणि साबणाचा मारा. इसब, सोरायसिस, अंगावर पित्त उठणं हेही नेहमीचंच. खरूज मात्र हमखास नजरेतून सुटते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुळ्या, घरात आणखी कुणीतरी खाजवतंय, असं असेल तर संशय घ्यावा. एकट्याने औषध लावून भागत नाही; घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

अंगावर पुरळ नाही, तरी खाज आहे? मग कारण आत शोधावं लागतं. यकृतातून येणाऱ्या पित्तरसाचा प्रवाह अडला की तळहात-तळपाय खाजतात. गरोदरपणात असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. मूत्रपिंडाचा जुना आजार, थायरॉइड, लोहाची कमतरता, काही वेदनाशामक औषधं, क्वचित रक्ताचे आजार यांमुळेही खाज सुटते.

खाजेची गोळी म्हणून सर्रास घेतली जाते ती हिस्टामिनला, म्हणजे शरीरातल्या खाज उठवणाऱ्या एका रसायनाला रोखते. पित्त उठल्यावर ती छान चालते, पण इसब किंवा मूत्रपिंडाच्या खाजेत इतर रसायनं आणि मज्जातंतू सामील असतात, तिथे तिचा फारसा इलाज नाही. आणि स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचं मलम तर नकोच: नायट्यावर ते लावलं की लाली ओसरते, बुरशी मात्र आरामात पसरते.

आंघोळ कोमट पाण्याने, 5 ते 10 मिनिटांत उरकावी. अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली भरपूर लावावी. नखं बारीक ठेवावीत. खाजवायची उबळ आलीच तर गार पाण्याची घडी दाबून धरावी. एवढं करूनही 2 आठवड्यांत उतार नसेल, झोपमोड होत असेल, तर डॉक्टर गाठावेत. वजन घटणं, रात्री घाम फुटणं किंवा डोळे पिवळे दिसणं यांपैकी काही सोबत असेल तर 2 आठवडेही थांबू नये.