जुन्या गाडीची गेलेली पॉवर ठिणगीच्या वेळेत शोधा

"दोन हजारात गाडीची पॉवर वाढवा" असले व्हिडिओ सध्या जोरात फिरताहेत. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधा, एअर फिल्टरच्या नळीत बारका पंखा बसवा, झाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र)! याची चीड येते, कारण जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसं यात पैसे घालवतात आणि तेवढ्याच पैशात खरंच होण्यासारखं काम राहून जातं.

आधी पॉवर येते कुठून ते बघू. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, एके काळची मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. 1089 सीसी, चार सिलिंडर, साधारण 40 हॉर्सपॉवर. फोर स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) दोन फेऱ्यांत इंजिन एकदा हवा भरून घेतं, म्हणजे 4800 आरपीएमला (मिनिटाला 4800 फेऱ्या) मिनिटाला सुमारे 2600 लिटर. प्रत्यक्षात कार्बोरेटर आणि व्हॉल्व्हच्या अडथळ्यामुळे पाऊणच भरते असं धरा, ती झाली वजनाने सव्वादोन किलो. 14.7 किलो हवेत 1 किलो पेट्रोल नीट जळतं, म्हणजे मिनिटाला दीडशे ग्रॅम पेट्रोल. त्याची उष्णता भरते 107 किलोवॅटच्या आसपास आणि त्यातली जेमतेम पाव क्रँकला मिळते, 27 किलोवॅट, म्हणजे 36 हॉर्सपॉवर. कंपनीच्या आकड्याच्या किती जवळ आलो बघा!

म्हणजे रस्ते दोनच, जास्त हवा आत घाला किंवा उष्णतेचा वाटा जास्त वसूल करा. चुंबक यातलं काहीच करत नाही, पेट्रोलच्या रेणूंना त्याने काडीचा फरक पडत नाही. आणि तो पंखा? 12 व्होल्ट, 4 अँपिअर, म्हणजे 48 वॅट. एवढी हवा टर्बोसारखी अर्धा बार (साधारण हवेच्या दाबाच्या निम्मा जास्त दाब) दाबायला दोनेक किलोवॅट लागतात हो! उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर आवाज छान देतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर 35 अंश आणि आत 60 असेल तर हवा सात-आठ टक्के विरळ, तेवढी पॉवर गेलीच. त्यापेक्षा मूळ प्रकारचाच नवा फिल्टर बसवा आणि त्याची नळी बाहेरच्या गार हवेकडे आहे ना ते बघा.

आता माझा आवडीचा भाग, टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. ठिणगी पडली की मिश्रण फटकन जळतं असं आपल्याला वाटतं, पण ज्योत सिलिंडरभर पसरायला ढोबळमानाने 2 मिलिसेकंद लागतात. आणि जास्तीत जास्त दाब हवा असतो तो दट्ट्या (पिस्टन) सगळ्यात वर पोचून क्रँक आणखी 15 अंश फिरल्यावर. सायकलचं पेडल अगदी वर उभं असताना कितीही जोर लावा, चाक फिरत नाही, पेडल जरा पुढे गेलं की तोच जोर कामी येतो, तसंच हे. म्हणून ठिणगी दट्ट्या वर पोचायच्या आधीच टाकावी लागते. किती आधी? 800 आरपीएमला एक फेरी 75 मिलिसेकंदांची, त्यात 2 मिलिसेकंद म्हणजे जेमतेम 10 अंश. 3000 ला फेरी 20 मिलिसेकंदांची, म्हणजे तेच 2 मिलिसेकंद झाले 36 अंश! यात एक गोम आहे, वेग वाढला की आतली खळबळ वाढते आणि ज्योतही जोरात पळते, म्हणून एका मर्यादेनंतर ठिणगी आणखी फारशी लवकर टाकावी लागत नाही.

जुन्या गाडीत हा हिशोब कॉम्प्युटर नाही करत, डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) पोटातली दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. दांडा जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम (उंचवटे असलेला फिरता तुकडा) थोडा पुढे सरकवतात, पॉईंट (ठिणगीचा करंट तोडणारा छोटा स्विच) लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते. काय डोकं लावलंय! पण तीस वर्षांत ती वजनं गंजून बसतात. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, आतला फिरता रोटर त्याच्या फिरायच्या दिशेला हाताने किंचित पिळा आणि सोडा, टपकन मागे आला तर ठीक, तिथेच लोळत राहिला तर तुमची पॉवर तिथे अडकलीय, सफाई आणि दोन थेंब तेल एवढाच खर्च. दुसरं म्हणजे पॉईंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग हळूहळू मागे पडत जातं. गाडी रोज इतकी थोडी मंदावते की मालकाला कळतच नाही, वर उशिरा जळलेल्या मिश्रणाची उष्णता सायलेन्सरकडे आणि रेडिएटरकडे जाते, इंजिन तापतं आणि आपण म्हणतो गाडी म्हातारी झाली. आधी फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) गॅप सेट करायचा (साधारण 0.4 ते 0.5 मिमी, मॅन्युअल बघून) आणि मगच टायमिंग, उलटं केलं तर केलेलं टायमिंग वाया. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या वायरला लावून रेस दिली की क्रँकच्या पुलीवरची खूण जागेवरून सरकताना दिसते, नुसतं कानाने सेट करणाऱ्या मिस्त्रीला हे जरूर दाखवायला सांगा.

जास्त लोभ मात्र नको. ठिणगी फार लवकर टाकली तर उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच भडकतं, चढाला टकटक ऐकू येते, दट्टे त्यानेच फुटतात. टकटक आली की एकेक अंश मागे या. महागडं हाय ऑक्टेन पेट्रोल ही टकटक लांबवतं, ते स्वतः जास्त ऊर्जा देत नाही, तेव्हा कमी कॉम्प्रेशनच्या (मिश्रण फार न दाबणाऱ्या) पद्मिनीला त्याचा उपयोग नाही. इथेनॉलच्या पेट्रोलचा मात्र परिणाम होतो, इथेनॉल आपला ऑक्सिजन सोबत आणतं, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लग पांढरे पडत असतील आणि गाडी अडखळत असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा बसवून बघायला हरकत नाही, आणि जुने रबरी पाइप तर बदलाच.

एवढं करूनही पिकअप नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. चारपैकी एका सिलिंडरचं रीडिंग बरंच कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, वाढलं तर दट्ट्याच्या रिंगा गेल्यात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचं काम हेड उघडून बऱ्यापैकी खर्चात होतं, रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावं लागतं आणि ते दोन हजारात होत नाही.