जोलिएट ज्युनिअर कॉलेज

जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे अमेरिकेत इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैऋत्येला साधारण ६० किमीवरच्या जोलिएट गावातलं पब्लिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी सरकारी पैशाच्या मदतीने चालणारं दोन वर्षांचं कॉलेज. १९०१ मध्ये सुरू झालं आणि अमेरिकेत आज चालू असलेल्या पब्लिक कम्युनिटी कॉलेजांमध्ये सगळ्यात जुनं हेच. नाव वाचलं की आपल्याला अकरावी-बारावी आठवते, पण इथे पोरं बारावी झाल्यावर येतात, म्हणजे आपल्या हिशोबाने तेरावी-चौदावी. एक गोष्ट मात्र आपल्यासारखीच, कॉलेज जन्माला आलं ते शाळेला जोडूनच.

त्या वेळी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष होते विल्यम रेनी हार्पर. त्यांचं म्हणणं असं की पदवीची पहिली दोन वर्षं ही खरं तर शाळेचाच पुढचा भाग आहे, विद्यापीठाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि स्वतःच्या विद्यापीठातही त्यांनी ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज असे दोन भाग पाडले होते. इकडे जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांच्यासमोर वेगळाच प्रश्न होता, शाळेतून हुशार पोरं बाहेर पडतात, पण गाव सोडून विद्यापीठात राहायचं-खायचं परवडत नाही किंवा घरचे पाठवत नाहीत, मग शिक्षण तिथेच थांबतं. दोघांचं जुळलं आणि हायस्कूलच्या चुनखडी दगडाच्या नव्याकोऱ्या इमारतीतच पुढच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. पहिल्या बॅचला विद्यार्थी किती, तर ६. १९०२ च्या डिसेंबरात शाळेच्या बोर्डाने रीतसर मान्यता दिली आणि हे वर्ग विनाफी ठेवले. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, कॉलेजसाठी वेगळी इमारत नाही, वेगळी संस्था नाही, आहे त्याच शाळेचा दरवाजा अजून दोन वर्षं उघडा ठेवला, बस्स.

त्या दरवाजातून कोण बाहेर पडलं ते बघा. जॉन हुबोल्ट. जोलिएटजवळच्या शेतावर वाढलेला पोरगा, इथेच शाळा, इथेच ज्युनिअर कॉलेज, मग इलिनॉय विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंग आणि पुढे नासा. चंद्रावर जायचं कसं यावर १९६१ मध्ये वाद चालू होता, बऱ्याच जणांना अवाढव्य रॉकेट बनवून थेट उतरायचं होतं. हुबोल्ट म्हणत राहिले की मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा, खाली फक्त छोटं यान उतरवा आणि परत येऊन जोडा, वजन कितीतरी वाचेल. कल्पना एकट्या त्यांची नव्हती पण ती लावून धरली त्यांनी. कोणी ऐकेना तेव्हा मधल्या सगळ्या साहेबांना ओलांडून त्यांनी नासाच्या वरिष्ठांना थेट पत्र लिहिलं. १९६२ मध्ये नासाने तोच मार्ग निवडला आणि १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला तो त्याच मार्गाने. आज कॉलेजचा मेन कॅम्पस ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव हुबोल्ट रोड. नर्तिका आणि मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन डनहॅम याही इथल्याच, इथून त्या शिकागो विद्यापीठात गेल्या.

साठ-पासष्ट वर्षं कॉलेज शाळेच्याच छायेत राहिलं. १९६५ मध्ये इलिनॉयने ज्युनिअर कॉलेजांचा कायदा केला, १९६७ मध्ये कॉलेज शाळेपासून वेगळं झालं आणि स्वतःचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे कॉलेजचा ठरलेला इलाखा मिळाला, नंबर ५२५, जो ७ काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पसरलाय. कारभार निवडून आलेलं बोर्ड बघतं, त्यात एक जागा विद्यार्थ्याचीही असते. पैसा येतो घरपट्टीतून, राज्याकडून आणि फीमधून.

आता शिकवतात काय. एक मोठा गट ट्रान्सफरवाल्यांचा, म्हणजे दोन वर्षं, साधारण ६० क्रेडिट इथे स्वस्तात करायचे, असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) घ्यायची आणि चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. इलिनॉयमध्ये इंग्रजी, गणित, सायन्स वगैरे सामायिक विषयांसाठी राज्यभर ठरलेली व्यवस्था आहे, त्यामुळे इथे केलेलं तिकडे धरतात, पण मेजरचे (मुख्य विषयाचे) विषय धरतील की नाही हे काउन्सिलरला आधीच विचारायचं, नाहीतर सेमिस्टर वाया जातं. दुसरा गट थेट नोकरीवाल्यांचा, नर्सिंग, वेल्डिंग, ऑटो रिपेअर, जनावरांच्या दवाखान्यातला टेक्निशियन, कलिनरी म्हणजे हॉटेलातला स्वयंपाक. शेतीही शिकवतात आणि त्यासाठी कॉलेजचं स्वतःचं शेत आहे, मका-सोयाबीनचं, कारण आजूबाजूला तेच पिकतं. शिवाय शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी वर्ग, इंग्रजी न येणाऱ्यांसाठी वर्ग, आणि हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवायची सोय.

प्रवेशाला मेरिट लिस्ट नाही. कटऑफ ९४ ला लागला म्हणून रडणारी पोरं ज्यांनी घरात पाहिली आहेत त्यांना याची किंमत कळेल. अर्थात आत आल्यावर सगळंच खुलं नसतं, नर्सिंगच्या जागा मोजक्या, तिथे चुरस असते. आणि बरेच जण दिवसभर काम करून येतात त्यामुळे दोन वर्षांचा कोर्स चार वर्षं रेंगाळतो किंवा सुटतो, ही या सगळ्याच कॉलेजांची दुखरी बाजू आहे.



फी तीन पायऱ्यांची असते. डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्याला सगळ्यात कमी, इलिनॉयमधल्याच पण बाहेरच्या डिस्ट्रिक्टवाल्याला जास्त, आणि परराज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त. शिकागोकडे नव्याने राहायला गेलेल्यांनी फॉर्म भरण्याआधी आपला पत्ता कुठल्या कॉलेजच्या डिस्ट्रिक्टमध्ये पडतो ते बघावं, शेजारच्या गावाचा डिस्ट्रिक्ट वेगळा असू शकतो.