सव्वातेरा ते पावणेचौदा : एड्रियन मोलची डायरी कुठून आली

२ जानेवारी १९८२ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर एक श्रुतिनाट्य लागलं : ‘द डायरी ऑफ नायजेल मोल, एज्ड १३¼’. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला लंडनच्या मेथ्युइन प्रकाशनानं त्यावरून पुस्तक काढलं, तेव्हा नायजेलचा एड्रियन झाला होता आणि त्याचं वय सहा महिन्यांनी वाढलं होतं. ‘द सीक्रेट डायरी ऑफ एड्रियन मोल, एज्ड १३¾’ हे त्या पुस्तकाचं नाव. पुढे सीक्वेलसह या डायऱ्यांचा ब्रिटनमध्ये इतका खप झाला की १९८०च्या दशकातली तिथली सर्वाधिक खपाची कादंबरीकार म्हणून सू टाउनसेंड यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

नाव बदलण्यामागे प्रकाशकाची रास्त भीती होती. नायजेल मोल्सवर्थ नावाचा एक शाळकरी मुलगा इंग्रजी विनोदात आधीपासूनच ठाण मांडून बसला होता. जेफ्री विलन्स यांचा मजकूर आणि रोनल्ड सर्ल यांची चित्रं असलेलं त्याचं पहिलं पुस्तक १९५३चं. नायजेल मोल आणि नायजेल मोल्सवर्थ शेजारी उभे राहिले असते, तर नव्यावर नकलेचा शिक्का बसला असता. खरा फरक मात्र नावापलीकडचा होता. मोल्सवर्थ फी भरून शिकायच्या निवासी शाळेतला. एड्रियन सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेतला, वडील विजेचे हीटर विकणारे, घर मध्य इंग्लंडमधलं. शाळकरी विनोदाचा पत्ताच बदलला.

वयातल्या अपूर्णांकाचा हिशेबही चोख आहे. एड्रियनचा जन्म २ एप्रिल १९६७चा आणि डायरी सुरू होते १ जानेवारी १९८१ला, गुरुवारी. म्हणजे तेरा वर्षांवर नऊ महिने, पाऊण वर्ष. इंग्रजीत ‘थर्टीन अँड थ्री-क्वार्टर्स’ म्हणताना जिभेला कसरत पडते, आणि गंमत त्या कसरतीतच आहे : पोरगा स्वतःला इतक्या काटेकोरपणे मोजतो आहे. मराठीत हा विनोद निम्मा विरघळतो. आपण सवा, दीड, पावणेदोन लहानपणापासून पाठ केलेले. ‘पावणेचौदा’ कानाला घड्याळातल्या वेळेसारखं लागतं. अनुवाद करणाऱ्याला ही कसर दुसरीकडे कुठेतरी भरून काढावी लागेल.

२ एप्रिल ही तारीख टाउनसेंडबाईंचीही. त्या १९४६ साली लेस्टर शहरात जन्मल्या. आठव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं. गालगुंडामुळे तीन आठवडे घरी असताना आईनं रिचमल क्रॉम्प्टन यांची ‘विल्यम’ पुस्तकं आणून दिली आणि त्यांवरच त्या वाचायला शिकल्या. अकराव्या वर्षीच्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेत त्या नापास झाल्या. त्या काळी या एका परीक्षेवर मूल ग्रामर शाळेत जाणार की दुय्यम समजल्या जाणाऱ्या शाळेत, हे ठरायचं. पंधराव्या वर्षाच्या आत शाळा सुटली. मग पेट्रोल पंपावर, पॅकिंगच्या कारखान्यात अशा नोकऱ्या, अठराव्या वर्षी लग्न, पाठोपाठ तीन मुलं, घटस्फोट. लिहिणं चालू होतं ते मुलं झोपल्यावर, चोरून. कागद जिन्याखाली दडवलेले. ही चोरी सुमारे वीस वर्षं चालली. पुस्तकाच्या नावातला ‘सीक्रेट’ उगाच आलेला नाही.

गुपित फुटलं १९७८च्या सुमारास. दुसऱ्या पतीच्या आग्रहावरून त्या लेस्टरच्या फीनिक्स थिएटरमधल्या लेखकांच्या गटात जाऊ लागल्या. ‘वोम्बरँग’ हे त्यांचं पहिलं नाटक १९७९चं, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या प्रतीक्षागृहात घडणारं. त्याला थेम्स टेलिव्हिजनची नाटककारांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली.

एड्रियनचा आवाज त्याच्याही आधीचा. थोरल्या मुलानं एका रविवारी कुरकुर केली : बाकीच्या घरांसारखे आपण सफारी पार्कला का जात नाही? एकटीच्या कमाईवर तीन मुलं वाढवणाऱ्या आईला तो दुखावलेला, जरा आढ्यतेचा, ‘माझ्याच वाट्याला हे घर का’ असा सूर नेमका सापडला. आपल्या घरात खरोखर बोललं गेलेलं एवढंच एक वाक्य मोलच्या पुस्तकांत आहे, असं त्या सांगत.

आता डायरीच्या यंत्राकडे. विनोदी कादंबरीला हा आकार का लाभतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. आठवणी सांगणारा निवेदक मोठा झालेला असतो. ‘तेव्हा मी किती बावळट होतो’ म्हणून तो स्वतःला माफ करून टाकतो. डायरी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. आज रात्री लिहिताना त्याला उद्याचं काही माहीत नसतं. शेजारचे मिस्टर लुकास आईभोवती घुटमळताहेत, हे एड्रियन इमानेइतबारे नोंदवत जातो आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. वाचकाला मात्र केव्हाच कळलेलं असतं. पुढे आई लुकासबरोबर शेफील्डला निघून जाते. विनोद त्या दोन कळण्यांमधल्या अंतरात असतो, आणि दुःखही तिथेच.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. डायरीत प्रत्येक तारखेला जागा सारखीच. त्यामुळे हनुवटीवरचा फोड, वडिलांची गेलेली नोकरी, २९ जुलै १९८१चं राजघराण्यातलं लग्न आणि एड्रियनला आवडणाऱ्या पँडोराच्या केसांचा रंग हे सगळे एकाच मापाने मोजले जातात. ३ एप्रिल १९८२च्या नोंदीत फॉकलंड युद्धाची बातमी येते. आदल्याच दिवशी अर्जेंटिनानं ही ब्रिटिश बेटं घेतलेली असतात आणि एड्रियन पंधरा वर्षांचा झालेला असतो. बेटं स्कॉटलंडजवळ आहेत असं वाटून वडील अंथरुणातून ताडकन उठतात आणि ती हजारो मैल दूर आहेत हे कळल्यावर परत झोपतात. पुढच्या नोंदीत नकाशात बेटं सापडत नाहीत, कारण त्यांवर केकचा एक कण पडलेला असतो. एका देशाचा सगळा उन्माद त्या कणाखाली मावतो. भाष्य शून्य.

आणि हा देश नेमका कोणता, तेही बाईंनी सोडलेलं नाही. जानेवारी १९८२मध्ये ब्रिटनमधल्या बेरोजगारांचा अधिकृत आकडा तीस लाखांवर गेला. एड्रियनचे वडील त्यांतले एक. त्यामुळे या पुस्तकातली मोठी माणसं नुसती वेंधळी नाहीत. ती अडचणीत आहेत, आणि मुलाच्या फोडांकडे बघायला त्यांना सवड नाही.

अशा कादंबरीवर हमखास शेरा पडतो : ‘एक विचित्र मुलगा स्वतःला स्वीकारायला शिकतो.’ एड्रियनच्या बाबतीत हा शेरा फसवा आहे. तो फारसं काहीच शिकत नाही. स्वतःला बुद्धिवंत समजतो, कविता बीबीसीला पाठवतो आणि तिथून आलेल्या सौम्य नकाराला उत्तेजन समजतो. (पत्रं लिहिणारे जॉन टायडमन हे बीबीसीच्या रेडिओ नाट्यविभागातले खरेखुरे अधिकारी, आणि नायजेल मोलचं श्रुतिनाट्य रेडिओवर येण्यात त्यांचाच हात होता.) स्वीकार होतो तो वाचकाचा. आपल्या तेराव्या वर्षीची फुशारकी, लाज, आरशासमोरचे तास त्या पानांवर दिसतात आणि आपण स्वतःवरच हसतो.

लाल मोज्यांचा प्रसंग याचा उत्तम नमुना. शाळेचा नियम काळ्या मोज्यांचा. एड्रियन लाल घालून जातो, मुख्याध्यापक स्क्रूटन त्याला घरी पाठवतात, पँडोरा निषेधाची चळवळ उभी करते. नंतर मुलं माघार घेतात आणि तोडगा निघतो : काळ्या मोज्यांच्या आत लाल मोजे. बूट घट्ट होतात, पण तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे एड्रियनची हरकत नाही. बंड आणि शरणागती एकाच पायात.

या आकाराचे पूर्वज शोधायचे तर जॉर्ज आणि वीडन ग्रॉसस्मिथ या भावांची ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ आधी येते. १८८८-८९मध्ये ती ‘पंच’ साप्ताहिकात आली आणि १८९२ला पुस्तकरूपाने. तिथला कारकून पूटर हा एड्रियनचा थेट आजोबा : आपली प्रतिष्ठा जपायला निघालेला आणि आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसलेला. मराठी वाचकाला ही जात अनोळखी नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती इतक्या गंभीरपणे सांगतो की हसू आवरत नाही. वंशजांची यादी लांब आहे. हेलन फील्डिंग यांची ब्रिजेट जोन्स १९९५ला ‘द इंडिपेंडंट’मधल्या सदरातून आली, लुईझ रेनिसन यांची जॉर्जिया निकल्सन १९९९ला. अमेरिकेतली ‘डायरी ऑफ अ विंपी किड’ २००७ची. तिच्यात चित्रं वाढली, वर्गभेद जवळजवळ गेला आणि विनोद जास्त धडधडीत झाला.

नक्कल करणारे घसरतात ते ठरलेल्या जागी. निवेदकाला आपला विनोद कळू लागतो आणि तो टाळीची वाक्यं लिहू लागतो. तिथे डायरी संपते, एकपात्री प्रयोग सुरू होतो. दुसरी चूक शेवटाची : चष्मा जातो, स्पर्धा जिंकली जाते, सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. मग स्वीकार स्वतःचा झाला की बक्षिसाचा?

मराठीत असं काही लिहू पाहणाऱ्याला एक आयती सोय आहे आणि एक अडचण. सोय म्हणजे निबंधाची भाषा. एड्रियनचा आव आपल्याकडे शाळेच्या निबंधात तयारच सापडतो. मित्र ‘पिंपल’ म्हणतात तिथे मराठी एड्रियन ‘तारुण्यपीटिका’ लिहील, आणि घरात भांडण झालं की ‘आज आमच्या गृहात कलहाचे वातावरण होते’. पात्र या दोन वाक्यांतच उभं राहतं. अडचण कॅलेंडरची. आपलं शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होतं. १ जानेवारीला संकल्प करून डायरी सुरू केली तर पहिल्या पन्नास पानांतच वार्षिक परीक्षा येते आणि पात्रं पुढच्या वर्गात जातात. इंग्लंडचं वर्ष सप्टेंबरचं, त्यामुळे टाउनसेंडबाईंना जानेवारी ते जुलै असा सलग पट्टा मिळाला. मराठीत जूनपासून सुरुवात केली तर पाऊस, नवं दप्तर आणि बदललेली तुकडी एकदमच हाताशी येतात.

मोलची एकूण आठ पुस्तकं झाली. तो वाचकांबरोबर वयानं वाढत गेला. त्याचा छळ करणारा बॅरी केंट नामवंत कवी झाला, पँडोरा १९९७ला खासदार झाली आणि एड्रियन लंडनमधल्या सोहोच्या एका हॉटेलात आतडी-काळीज शिजवणारा आचारी. २००४च्या पुस्तकात इराकी शस्त्रांच्या भीतीनं रद्द केलेल्या सायप्रसच्या सहलीची अनामत परत मिळावी म्हणून तो इराकमधल्या महासंहारक शस्त्रांचा पुरावा थेट पंतप्रधान ब्लेअर यांच्याकडे मागतो, आणि त्याच युद्धावर त्याचा मुलगा जातो. मधुमेहामुळे २००१पासून टाउनसेंडबाईंची दृष्टी गेली होती. नंतरचा बराच मजकूर त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतला. शेवटचं पुस्तक २००९चं. त्यात एड्रियन चाळिशीला टेकलाय, त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झालाय, आणि तरीही तो रोजची नोंद चुकवत नाही.